नव्या बाई
टिंक्चरचा वास आला की मला लालबागची ती दुपार आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार सुरू होता, रस्त्यात दगडकाचांचा खच पडला होता आणि माझी लेक नव्या शाळेत अडकली होती. जुन्या शाळेतल्या बाईंनी तिला पोटच्या पोरीसारखं जपलं होतं. इथे तिला कोण विचारणार, म्हणून मी चाळीच्या दारात रडत उभी होते. एवढ्यात नव्या बाई तिला पदराखाली धरून आल्या. लाठीने त्यांचं डोकं फुटलं होतं, रक्त लेकीच्या वेणीवर ठिबकत होतं. "अहो, आठवड्याची तर ओळख तुमची!" मी म्हणाले. "माझ्या वर्गातली आहे ना ती?" त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यातच कोसळल्या. मी त्यांच्या जखमेवर टिंक्चर लावलं, मग दवाखान्यात टाके पडले. टाके सुकायच्या आत त्या पुन्हा वर्गावर गेल्या. मी अजूनही कुठल्याही शाळेवरून जाताना हात जोडते.