विमानाची शिंगं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — गोष्ट सांगितली आहे. शेकडो वेळा सांगितली असेल. टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही. पण अर्धीच. लोक पोट धरून हसतात तिथं मी थांबतो आणि पान मागवतो. पुढची अर्धी आज पहिल्यांदा सांगतो आहे, ती तुम्हाला.

जालन्यात मला ‘विमानवाला पेंटर’ म्हणतात. उगाच नाही म्हणत. स्कूटरी, जीपगाड्या, ट्रॅक्टरांचे बॉनेट रंगवणारे गावात पुष्कळ होते. विमानाला हात लागला तो माझ्या एकट्याचा. बियाण्यांच्या धंद्यात वर आलेल्या एका शेठनी नव्वदच्या आगेमागे चार माणसांचं जुनं विमान घेतलं होतं. चालवायला कॅप्टन कादरी — आमच्या जालन्याचेच, घरात उर्दू, बाहेर आमच्याशी अर्धं मराठी. साठीला टेकलेले. दर तपासणीत डोळे, कान, छाती सगळं बराबर निघायचं. तरी शेठचा मुलगा त्यांच्या पाठीमागं म्हणायचा, म्हातारा झाला, जवान पायलट आणू. कादरी साहेबांना हे माहीत होतं. त्यांना अजून काही वर्षं उडायचं होतं. दुसरं त्यांना काही येत नव्हतं, आणि नकोही होतं.

त्या विमानाची चालवायची हॅण्डलं — पायलट लोक त्याला योक म्हणतात — पार झिजली होती. काळा रंग उडून धातू दिसत होता. शेठनी मला बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो आणि पहिला प्रश्न विचारला तो, याचा क्लच कुठं आहे? मग डावं हॅण्डल फिरवलं, तर शेजारचं आपोआप फिरलं. तिथं कोणी बसलेलं नव्हतं! मी दचकून असा उठलो की डोकं छताला आपटलं. कादरी साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पंगतीतली गोष्ट इथं संपते. लोक हसतात, पान येतं.

आता पुढचं.

औरंगाबादहून इंजिनिअर आला, त्यानं दोन्ही हॅण्डलं काढून माझ्या हातात दिली. मी ती दुकानात नेली, बाकावर उभी केली, आणि — काय सांगू — मला बैलाची शिंगंच दिसली. तशीच वळलेली, तशीच टोकं वर. आमचे वडील हसनाबादचे. शिंगं साळण्यात, म्हणजे तासून गुळगुळीत करण्यात, त्यांचा हात पंचक्रोशीत कोणी धरत नव्हता. पोळ्याआधी आमच्या दारात बैलांची रांग लागायची. पण खरी गर्दी बैलबाजाराआधीची. शिंगावर वळ्या असतात. जाणता माणूस त्या पाहून बैलाचं वय सांगतो. वडील काचेच्या तुकड्यानं त्या वळ्या अशा साळून काढायचे, वर तेलाचा हात असा फिरवायचे, की थकलेला बैल तरणा दिसायचा. ही कला मी त्यांच्या मांडीशी बसून शिकलो. सचोटीची होती का ती? मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

हॅण्डलांच्या आतल्या बाजूला, बोटं येतात तिथं, बारीक आडव्या खाचा होत्या. मला त्या वळ्या वाटल्या. म्हातारपणाच्या. मी काच घेतली.

सगळ्या काढल्या. मग पॉलिश पेपर, खड्डे बुजवायला लांबी, पुन्हा पेपर, रंगाचे हात, वर लॅकर. शेवटी वडिलांसारखाच फडक्यानं तेलाचा हात. झाल्यावर त्या काळ्या अंगात मला माझी मिशी दिसली — केस न् केस. असं काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही माझ्या हातून झालं नाही. इंजिनिअरनं येऊन ती बसवली, बोल्ट तपासले, सगळीकडं फिरवून पाहिली आणि गेला. शेठ पाहुण्यांना विमानाआधी हॅण्डलं दाखवायला लागले.

कादरी साहेबांनी एकदा उडून पाहिलं आणि मला एकट्याला बाजूला घेतलं.

“उस्ताद, खूबसूरत है. पण धरायला काही ठेवलंच न्हाई तुम्ही. आतल्या अंगानं जरा खरखरीत करून द्या. उन्हाळा येऊन राह्यला, हाताला घाम सुटतो.”

मी म्हणालो, रंग अजून मुरायचा आहे, महिनाभर हात लावता येत नाही.

खोटं होतं. रंग केव्हाच मुरला होता. त्या चकाकीवर मी खरखरीत पेपर घासायचा — माझ्या? मला ते जमेना. त्यांनी पुन्हा एकदा आठवण केली. मी पुन्हा तेच सांगितलं. माझ्या धंद्यातलं मलाच कळणार, म्हणून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

मे महिन्यातली दुपार. वडीगोद्रीहून माझी सासरची मंडळी आली होती. त्यांना माझं काम दाखवायला धावपट्टीवर घेऊन गेल्तो. विमान हैदराबादहून शेठना घेऊन येत होतं. उतरताना पायलट हॅण्डल हळूहळू आपल्याकडं ओढत नाक वर धरतो, एवढं मला तोवर कळत होतं. सासऱ्यांना मी तेच समजावून सांगत होतो. तेवढ्यात नाक खाली पडलं. पुढचं चाक आपटलं, पंखा जमिनीला घासला, ठिणग्या उडाल्या, विमान तिरकं होऊन थांबलं. शेठच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी कोणाला काही नाही. कादरी साहेब खाली उतरले आणि दोन्ही तळवे पँटला पुसत उभे राहिले. “हाथ फिसल गया,” एवढंच म्हणाले.

शेठचा मुलगा म्हणाला, हात नाही घसरला, वय झालं. शेठ मात्र न्यायानं वागणारा माणूस. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. कादरी साहेब समोरच्या खुर्चीवर होते. दाराबाहेर सासरे उभे होते, ऐकू येईल इतक्या जवळ.

“पेंटर, कॅप्टन म्हणतात हॅण्डल हाताला घसरतं, आणि हे त्यांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं का?”

हो म्हणायला काय लागलं असतं? फार तर गावभर हसं झालं असतं. हसं करून घेण्यात तर मी पटाईत होतो! पण क्लचवर हसणं वेगळं. हे माझ्या हातावर हसणं झालं असतं, वडिलांच्या काचेवर झालं असतं.

“न्हाई साहेब,” मी म्हणालो. “मला काही बोलले न्हाईत.”

कादरी साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. वाद घातला नाही. नोकरी तिथंच गेली. आणि हात घसरलेला म्हातारा पायलट कोण ठेवतो? पुन्हा ते कधी उडाले नाहीत. भावाच्या चपलांच्या दुकानात बसायचे. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं.

नोकरी सोडून जायच्या दिवशी कादरी साहेब विमानाजवळ आले होते. मी तिथंच होतो. आत वाकून त्यांनी हॅण्डलवरून एकदा बोटं फिरवली.

“रंग मात्र बेमिसाल चढलाय, उस्ताद,” म्हणाले आणि गेले.

टोमणा नव्हता तो. त्या माणसाला टोमणा मारता येत नव्हता. आणि मला — हे सांगायला मी इथवर आलो — मला बरं वाटलं. ऊर भरून आला. ज्याची रोजी मी खाल्ली त्याच्या तोंडची शाबासकी मी घेतली, आणि घरी जाऊन बायकोला सांगितली.

नवा पायलट यायच्या आधी, कोणी न सांगता, मी हॅण्डलांच्या आतल्या अंगाला पुन्हा खाचा पाडल्या. एका दुपारचं काम होतं.

विमान पुढं विकलं गेलं. कुठं आहे, माहीत नाही. कुठंतरी कोणी ती हॅण्डलं धरत असेल तर बाहेरच्या बाजूनं अजून चमकत असतील, याची मला खात्री आहे. त्या कामाचा मला आजही अभिमान वाटतो. तो जात नाही.

काही वर्षांनी कादरी साहेब वारले. मी मयताला गेल्तो, मागच्या बाजूला उभा राहिलो. त्यांच्या पुतण्यानं मला ओळखलं आणि शेजारच्या पाहुण्याला सांगितलं, “हे विमानवाले पेंटर. चाचा इनकी बहोत तारीफ करते थे.”

मी मान डोलावली.