एकोणतीस पंधरा नंबरची गाडी

आमच्या घरात गाडी कुठलीही घ्या, रंग कुठलाही घ्या, नंबराची बेरीज नऊ आली पाहिजे. हा नियम माझ्या थोरल्या दिरांचा. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. दोन ट्रॅक्टर, केळी वाहायचा टेम्पो, पोरांच्या मोटारसायकली, सगळ्यांचे आकडे मिळवत जा, शेवटी नऊच. त्यासाठी जळगावच्या आरटीओत जास्तीचे पैसे भरून नंबर घेतात आणि कुणी कुरकुरत नाही. खताच्या गोणीला मात्र चार दुकानं फिरतात.

माझ्या सुनेने दोन वर्षांपूर्वी कार घ्यायचं ठरवलं. स्वतःच्या कमाईची. रावेरला रस्त्याकडेच्या आमच्या पडीक तुकड्यावर तिने हिरवी जाळी लावून केळीच्या रोपांची नर्सरी काढली होती. सुरुवातीला मीच तिला हसले होते. आमच्यात कंद लावायची पद्धत, पिशवीतली रोपं विकत कोण घेणार, असं वाटायचं. आता लोक आधी येऊन नाव नोंदवून जातात. गाडी तिच्याच नावावर होणार होती. आमच्या घरात बाईच्या नावावर झालेली ही पहिली वस्तू.

पांढरी गाडी ठरली. नंबराचं निघालं तेव्हा ती म्हणाली, "मला एकोणतीस पंधरा हवा."

आबांनी तिथल्या तिथे बोटांवर बेरीज केली. दोन, नऊ, एक, पाच. सतरा. एक आणि सात आठ. आठ म्हणजे शनीचा आकडा. आबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. आमच्याकडे याचा अर्थ विषय संपला असा होतो.

तो नंबर कुठला हे मला माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी भाकरी करता करता तिने सांगितलं होतं. तिचे वडील धुळ्याच्या एका मारवाडी व्यापाऱ्याचा ट्रक चालवायचे. बावीस वर्षं एकच ट्रक. सरकी भरून गुजरातेत जायचे, आठ-आठ दिवसांनी परत यायचे. त्यांचं घर हायवेला लागून. सगळे ट्रक लांबून सारखेच दिसतात, म्हणून ही अंगणात उभी राहून पुढच्या पाटीवरचे आकडे बघायची. शाळेत जायच्या आधी तिला एवढेच चार आकडे ओळखता यायचे. आकडे जुळले की आत पळायची आणि तिची आई तवा ठेवायची. बावीस वर्षांत त्या ट्रकने कुणाला धक्का लावला नाही. पुढे मालकाने तो भंगारात काढला आणि वडील घरी बसले. एक सायकल सोडली तर त्या माणसाने स्वतःची म्हणून गाडी कधी घेतली नाही.

तो नंबर तिला वडिलांना दाखवायचा होता. गाडीच त्यासाठी घेतली असंही मी म्हणेन.

आबांना तिने यातलं काही सांगितलं नाही. मी असते तर सांगून वर रडलेही असते. ती चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "आबा, गाडी माझ्या नावावर आहे. शनी आलाच तर माझं नाव विचारत येईल."

पोरं तोंड फिरवून हसली. आबा म्हणाले, शनी नाव विचारत नाही, घर बघतो. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, जमिनीकडे बघत बसला. त्याची ती सवयच आहे. मग मीच बोलले. चाळीस वर्षं मी आबांसमोर पदर घेऊन गप्प राहिले होते.

"आबा, पाण्याच्या पाटचारीत उलटला तो ट्रॅक्टर नऊचाच होता ना?"

आबांनी चष्मा पुन्हा लावला. नंबर घेऊ दिला. फक्त एक अट घातली. पाटीभोवती चौकट बसवायची आणि चौकटीवर एक हा आकडा घालायचा. सतरा आणि एक अठरा, अठराचे नऊ.

आमच्याकडे हे सगळ्यांना पटलं. माझ्या मुलाला तर फारच पटलं. आता नंबरपाट्या सरकारी नमुन्याच्या येतात, त्यांच्यात कुणाला काही करता येत नाही, म्हणून सगळी हौस चौकटीवर. त्याने जळगावच्या दुकानात काळ्या रबराच्या, बारीक काठाच्या, सगळ्या बघितल्या आणि स्टीलची सर्वांत रुंद निवडली, कारण एकला जागा हवी होती. तांबड्या रंगात ठसठशीत एक चिकटवून आणला, पुढेही आणि मागेही. सुनेने बघितलं, बरं आहे म्हणाली आणि नर्सरीत निघून गेली. नंबर मिळाला, एवढ्यावर ती गप्प बसली. मला तिचा राग आला.

त्याच आठवड्यात धुळ्याहून व्याही आले, एसटीने, खांद्यावर टॉवेल टाकून. तिने त्यांना नंबराचं काही कळू दिलं नव्हतं. ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली आणि तो कुणाला द्यायचा हेच विसरली. व्याही आधी टायरांकडे गेले, चारही दाबून बघितले. मग पुढे आले आणि पाटीसमोर उकिडवे बसले. चारही आकड्यांवरून बोट फिरवलं आणि ते चौकटीवरच्या एकवर नेऊन ठेवलं.

"हाऊ एक कोना शे?" त्यांनी विचारलं.

माझ्या मुलाने पुढे होऊन बेरीज समजावली. ओट्यावर आबा खाकरले. व्याह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. पुढचे चार स्क्रू काढले, मागचे चार काढले. दोन्ही चौकटी टॉवेलने पुसून आबांच्या शेजारी ओट्यावर ठेवल्या.

"आबा, राग नका धरू. या नंबरले काहीच कमी नई शे."

बावीस वर्षं आपल्या ट्रकला हाच नंबर होता, हेही त्यांनी सांगितलं. आबांनी एवढंच विचारलं, की तो ट्रक कधी कुठे धडकला होता का. व्याह्यांनी नाही म्हणून मान हलवली. आबांनी चौकटी उचलून मांडीवर घेतल्या आणि माझ्या मुलाला म्हणाले, दुकानदार परत घेतो का बघ.

सुनेने वडिलांपुढे किल्ली धरली. त्यांनी घेतली नाही, तूच चालव म्हणाले. मग ती त्यांना धुळ्याला सोडायला निघाली आणि मी मागच्या सीटवर बसले. बावीस वर्षं उजवीकडे बसलेल्या माणसाला डावीकडे कसं बसायचं ते कळत नव्हतं. समोरून ट्रक आला की त्यांचा पाय खाली ब्रेक शोधायचा. सून एका लयीत गाडी चालवत होती. बापाच्या पायाकडे तिने एकदाही बघितलं नाही. नशिराबादपर्यंत तो पाय दर ट्रकला दाबला जात होता. जळगाव मागे पडलं, एरंडोलच्या रस्त्याला लागलो, तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली.