गोजाबाईनं नाव घेतलं

तांबट आळीतल्या रखमाजीच्या कानाला भांड्याची चीर आवाजावरूनच कळे. पण या महिन्यात शनिवारवाड्यावरून त्याची दोन घंगाळं गळतात म्हणून परत आली. तिसरं आलं तर काम दुसऱ्याला देऊ, असा निरोपही आला. रखमाजी तांब्याच्या पत्र्याला शिव्या देत होता. त्याच्या बायकोला, गोजाबाईला, वेगळीच शंका होती. काल तिनं “मीठ वाढू?” विचारलं, तर म्हणाला, “उद्या देतो म्हटलं ना!”

दुपारी तो पाठमोरा बसून नवं घंगाळ वाजवून बघत होता. गोजाबाईनं पदर सावरला आणि तीस वर्षांत ओठांवर न आणलेलं नाव खणखणीत घेतलं, “रखमाजी!”

जात्यावरची सून फिस्सकन हसली. “अगं बाई, आत्याबाई! मामंजींचं नाव?”

रखमाजीनं मान वळवली नाही. सुनेचं हसू तिथंच विरलं.

गोजाबाई त्याच्या पुढ्यात जाऊन बसली. “अहो, द्या इकडं. आजपासून मी वाजवून बघते.”

“बायकांचं काम आहे का हे?” तो गुरगुरला. पण घंगाळ त्यानं तिच्याकडं सरकवलं आणि ती काय सांगते ते कळावं म्हणून तिच्या ओठांकडं बघत राहिला.