हिंदुरावांनी स्पीकरची तोंडं फिरवली

बावड्यात मध्यंतरी एक बातमी कानोकान फिरत होती, की हिंदुरावांनी बायकोला, बनाबाईंना, कोंडून ठेवलंय. भर दुपारी दार बंद, खिडक्यांवर गोधड्या, आणि हिंदुराव पायरीवर पहाऱ्याला. शेजारच्या भागूबाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि भागूबाईंनी पाहिलेलं गावाला आपोआप दिसतं.

हिंदुराव तसे सरळ माणूस. ऊस, म्हशी आणि भजनाचं वेड, एवढाच पसारा. त्यांचा शाळासोबती माधव बँकेत नोकरी करून बारामतीत स्थायिक झालेला. एकदा त्याच्याकडे म्युझिक सिस्टिमवर भजन ऐकताना हिंदुरावांचा चहा गार झाला. पखवाज वाजवणाऱ्याच्या बोटातली अंगठीसुद्धा ऐकू आली, असं ते शपथेवर सांगतात. त्यांच्या शपथेचं सोडा, पण वेड लागलं हे खरं. पुढं माधवनं नवी सिस्टिम घेतली, तेव्हा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर स्वस्तात बावड्याला आले.

आता आपल्याकडं स्पीकर म्हटला की त्याचं तोंड रस्त्याकडं. घरात वाजतंय आणि गल्लीला ऐकू जात नाही, हा चिक्कूपणा झाला. हिंदुरावांनी दोन्ही स्पीकर दोन खिडक्यांत ठेवले, तोंडं बाहेर, आणि बटण पिळलं. घर नवं, स्लॅबचं. हॉलला गुळगुळीत फरशी, सामान म्हणाल तर एक खुर्ची आणि कॅलेंडर. पखवाज असा घुमला की पत्र्याच्या शेडमध्ये कुणी ट्रॅक्टर सुरू केलाय असं वाटावं. स्वयंपाकघरात मांडणीवरचे डबे थरथरत पुढं सरकले आणि दोन खाली आले.

"बुधवारी गेणू भंगारवाला येतुया," बनाबाई डबे उचलत म्हणाल्या. "तवर हे सुधरलं तर ऱ्हाईल. न्हायतर त्याच्या गाड्यावर."

"अगं, बारामतीत लई ग्वाड वाजत हुतं."

"मग तितंच ठिवायचं की."

हिंदुरावांनी घाबरून माधवला फोन लावला. "माधवा, आजून काय इकत घ्यावं लागंल?"

"काही घेऊ नकोस. स्पीकर ठेवलेत कुठं?"

"खिडकीत. तोंडं रस्त्याकडं."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं आलं. मग माधव म्हणाला, "तोंडं आत फिरव. भिंतीपासून दोन हात पुढं ओढ, कानाच्या उंचीला आण. त्या दोघांत जेवढं अंतर, तेवढ्यावर तू समोर बस. आणि उघड्या भिंती आवाज उलटा फेकतात रे, त्यांच्यावर जाडजूड काहीतरी टांग."

बुधवारी बनाबाई रानात गेल्या आणि हिंदुराव कामाला लागले. कारखान्याची सभासदांना मिळालेली साखर घरात होती. उभ्या पोत्यांवर एकेक स्पीकर बसला. कोपऱ्यात गादीची वळकटी गेली. भिंतींवर आणि खिडक्यांवर बनाबाईंच्या ठेवणीतल्या गोधड्या चढल्या. खर्च म्हणाल तर मूठभर खिळे.

बनाबाई परतल्या त्याच वेळी गल्लीच्या टोकाला गेणूची आरोळी उठली.

"माझ्या गोधड्यास्नी खिळं?" म्हणत त्या तरातरा हॉलच्या मधोमध आल्या. हिंदुरावांनी बटण दाबलं, तेही भीतभीत, बारीक आवाजात, आणि ते समोरच्या खुर्चीवर बसले.

चिपळ्या डावीकडून आल्या, पखवाज उजवीकडून. आणि गाणारा दोन पोत्यांच्या मधे, जिथं काहीच नव्हतं तिथं, उभा राहिला. बनाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. परका पुरुष घरात आला की सावरतात, तसा.

"कोण हाय तितं?"

"कोण न्हाय. आवाज हाय."

"खोक्यातनं न्हाय येत, मधनंच येतुया."

"व्हय."

"डबं बी गप हायती." त्या खुर्चीपाशी आल्या. "उठा जरा खुर्चीवरनं."

दाराशी गेणू आला. "मावशी, काय हाय का?"

"न्हाय रं. फुडं जा."

सिस्टिम राहिली, हिंदुरावांची खुर्ची मात्र गेली. नीट ऐकू येण्याची जागा एकच, आणि तिथं रोज दुपारी बनाबाई. हिंदुराव फरशीवर बसत. पण त्यांना एक खोड होती: गाणाऱ्या बुवांच्या मागून अर्धी मात्रा उशिरा स्वतः गायचं आणि मांडीवर ठेका धरायचा. बनाबाईंनी दोनतीन दुपारी सोसलं, मग त्यांना पायरी दाखवली.

दाराला कडी असायची, एवढं भागूबाईंचं बरोबर होतं. कडी आतून होती आणि ती बनाबाई लावत होत्या.