एकटीने उचललेला हंडा

"तुमच्या ग्राफमध्ये घोळ आहे," खोडाळ्याच्या एसटीडी बूथवर माझ्या प्रोजेक्टच्या सरांचा आवाज खरखरत होता. "भरलेला हंडा उचलताना कंबरेवर एवढा कमी भार? आपलं मॉडेल दुप्पट सांगतंय. वायरी तपासा."

वायरी मी तीनदा तपासल्या होत्या.

मी मोजमापाला गेले होते त्या सूर्यमाळ गावात मोबाइल पोचायच्या आधीची ही गोष्ट. आमचं काम म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माणसाची पाठ बांधणं. एकावर एक मणके, मधे गाद्या, बाजूने स्नायू. अमुक वजन उचललं तर कुठल्या गादीवर किती दाब येतो, ते हे मॉडेल सांगतं. ते खरं बोलतंय का, हे बघायला खऱ्या पाठीवर इलेक्ट्रोड चिकटवायचे. स्नायू जितका जोर लावतो, तितकी स्क्रीनवरची रेघ वर चढते.

शाळेच्या व्हरांड्यात दहा-बारा बायका हंडे उचलून गेल्या. कोणाचीच रेघ चढेना. मी डोळे फाडून स्क्रीनकडे बघत होते. ठाण्याच्या खोलीवर माझी वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून मुक्काम वाढवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जनीबाई आली. पन्नाशीची, डोंगरापलीकडच्या पाड्यावरून एकटीच चालत. तिने हंडा आधी मांडीवर घेतला, मग दात आवळून डोक्यावर. रेघ थेट मॉडेलच्या आकड्याला भिडली. मी पहिल्यांदा स्क्रीनवरून मान वर केली.

"मावशी, बाकीच्या बायका असा उचलत नाहीत?"

"त्या हात लावतात ना एकमेकीला."

बाकीच्या बायका माझ्यासमोरच हात लावत होत्या. एकीचा हंडा दोघींनी उचलायचा, ही इथली रोजची रीत. मला ती दिसलीच नव्हती.

"आणि तुम्हाला?"

"पोरगा, सून, सगळा पाडाच कामाला ईटभट्टीवर. पाड्यावर आता मीच. मला कोन हात लावील?" मग हळूच म्हणाली, "डावा पाय बधिर होतो, बाय. पाय गेला तर पानी कोन आनील?"

सर फोनवर खूश झाले. "म्हणजे मॉडेल बरोबर आहे! हाच ग्राफ टाका."

मॉडेल बरोबर होतं, पण फक्त जनीबाईपुरतं. त्यातली बाई एकटी होती, कारण ती मी बनवली होती. चार वर्षं गॅसचा सिलिंडर एकटीने ओढणाऱ्या मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. त्या रात्री मला फार एकटं वाटलं.

तिच्या झऱ्याजवळ आम्ही दोघींनी दोन दिवस दगड रचले. खांद्याएवढा ओटा झाला. रिकामा हंडा त्यावर ठेवायचा, तांब्याने भरायचा, आणि गुडघे जरा वाकवून डोक्यावर सरकवायचा. खालून उचलणं नाही. पायासाठी मोखाड्याच्या डॉक्टरांच्या नावाने तिला चिठ्ठीही दिली.

मशीन बॅगेत भरून निरोप घ्यायला गेले, तेव्हा ओट्यावर हंडा भरलेला होता. नुसता सरकवायचा होता. जनीबाई तशीच उभी राहिली.

"हात लाव, बाय."

गरज नव्हती, हे दोघींना माहीत होतं. मी हात लावला.

रिपोर्ट पास झाला. त्यात हा शेवटचा हंडा नाही. हल्ली कोणाचीही पाठ मोजण्याआधी मी विचारते, हंडा उचलायला सोबत कोण असतं. हा प्रश्न फॉर्मवर मी स्वतः छापून घेतलाय. माझा फॉर्म भरला तर ती जागा अजून रिकामीच राहील.