परत आलेले बूट आणि माझं चांगलं मराठी

मंगळवारी सकाळी कॉलेजच्या जिमखान्यात गेले, तर टेबलावर फुटबॉलच्या बुटांचा एक जोड ठेवलेला. धुतलेला, वाळवलेला, लेसेस नीट गुंडाळून आत सारलेल्या... चिठ्ठी वगैरे काही नाही.

बूट साक्षीचे होते. म्हणजे महिन्यापूर्वी आम्हीच तिला दिलेले.

थोडं मागचं सांगते. आमच्या कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम लॉकडाऊनमध्ये बंद पडली ती पडलीच. मी या टीमची एके काळची गोलकीपर. यंदा आमचे जुने सर म्हणाले, टीम पुन्हा उभी करतोय, तुम्ही माजी विद्यार्थिनी नुसत्या ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणार आहात की काही कराल? टोमणा बरोबर लागला. ज्या मुलींना गरज आहे त्यांचे बूट, बसचा पास आणि प्रॅक्टिसनंतरची अंडी-केळी आम्ही बघायची असं ठरलं.

अर्ज, याद्या, नोटिसा हे काम माझ्याकडे आलं. माझं मराठी चांगलं आहे असा ग्रुपमध्ये एक समज आहे. तो मीच पसरवलाय.

साक्षी एफ.वाय.ला. लोणी काळभोरहून दोन बस बदलून सहाच्या ठोक्याला ग्राउंडवर हजर. ती बॉल घेऊन पळायला लागली की बाकीच्या बसची वाट बघत उभ्या आहेत असं वाटायचं... आणि नेमकी तीच शनिवारपासून गायब. मॅचेस दहा दिवसांवर आलेल्या.

ग्रुपवर तर्कांना ऊत आला. बस चुकत असेल, अभ्यास असेल, बूट चावत असतील. घरून परवानगी नसेल, असं लिहून मीही मोकळी झाले. गावाकडची मुलगी म्हटलं की हे वाक्य आपल्याकडे तयारच असतं.

पण ते धुतलेले बूट डोक्यातून जाईनात. घरच्यांनी अडवलं असतं तर तिने बूट जवळ ठेवले असते ना? आज ना उद्या सोडतील म्हणून... इतके स्वच्छ करून परत का दिले?

नंबरासाठी तिचा अर्ज काढला. त्याला उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि जातीचा दाखला जोडलेला. आम्ही यातलं काहीही मागितलं नव्हतं. पण या मुलांना सवय असते, अर्ज म्हटलं की अख्खा गठ्ठा लावायचा. नाहीतर खिडकीवरचा माणूस परत पाठवतो.

फोन लावला. विचारलं, बूट लहान होतात का गं?

"नाय मॅडम, बूट एक नंबर हायेत."

मग काय झालं? ती म्हणाली, "मला वाटलं मी खेळ बघून आले टीममधी. तुम्ही तर दाखला बघून घेतलं. बोर्डावर लिवलंय की."

मला काही कळेना. फोन कानाला लावूनच नोटीस बोर्डापाशी गेले. शुक्रवारी लावलेली यादी, माझ्याच हस्ताक्षरात. वर अकरा नावं. खाली जाड अक्षरात लिहिलेलं 'राखीव', आणि पाच नावं. पहिलंच साक्षीचं.

सबस्टिट्यूट लिहिता आलं असतं. ग्राउंडवर सगळ्या जणी 'सब'च म्हणतात. पण मला अस्सल मराठी शब्द हवा होता! दाखला जोडलेल्या मुलीने आपलं नाव 'राखीव'खाली वाचल्यावर काय समजायचं?

"वर्गातली पोरं हसली मॅडम. म्हणली, इथंपण का?" साक्षी सांगत होती. "ॲडमिशन मी कोट्यातनं घेतलीय. ती माझ्या हक्काची हाय, त्याची मला लाज नाय. पण पळते मी माझ्या पायानं."

मी तिला सांगितलं, अगं, राखीव म्हणजे सब. सरांनी तुला मुद्दाम मागे ठेवलंय. समोरच्या मुली दमल्या की सेकंड हाफला तुला उतरवायचं, असा त्यांचा डाव आहे. टीममध्ये सगळ्यात फास्ट तू आहेस म्हणून.

ती म्हणाली, "मग हे लिवायचं ना बोर्डावर."

लिहिलं. जुनी यादी फाडली आणि नवी लावली, 'सेकंड हाफला उतरणाऱ्या खेळाडू'. गुरुवारी साक्षी आली. मी सगळ्या टीमसमोर तिची माफी मागितली. तिने मान हलवली, बूट घातले आणि तडक सरांकडे जाऊन विचारलं, फर्स्ट हाफला का नाही? सरांना असं कुणी विचारल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. विचार करतो म्हणाले.

ती चिडून टीम सोडून गेली होती, पण मी फोन केला तेव्हा खरं कारण तोंडावर सांगितलं. त्याबद्दल मी तिची मनापासून आभारी आहे. 'राखीव' हा शब्द मी लहानपणापासून वापरतेय. तो कुणाला कुठे लागतो हे विचारावं असं इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही... कारण मला तो कधी लागलाच नव्हता.