टोपी कुठे वळते

सौंसरच्या जयश्रीबाई चाळीस वर्षे क्रोशा विणत होत्या आणि त्यातला एक टाकाही त्यांनी कधी कागदावर उतरवला नव्हता. गरजच काय? हात जाणतो, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

भोपाळच्या मुलीला, अश्विनीला आठवा महिना लागला आणि हाताची पंचाईत झाली. अश्विनीला बाळासाठी आईच्याच विणीची टोपी हवी होती. घरची रीत अशी, की बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी धागाही हातात घ्यायचा नाही. जयश्रीबाई बी.ए. होत्या, त्यामुळे असल्या रीतींवर त्यांचा विश्वास नव्हता. फक्त मोडायची हिंमत नव्हती. अश्विनीच्या सासरी अशी रीत नव्हती, म्हणून ती स्वतः विणणार होती. आईने कृती लिहून पाठवायची, एवढंच. लिहिण्याला रीतीत बंदी नव्हती.

चार पानं झाली. आधी पडताळा हवा म्हणून जयश्रीबाईंनी ती पानं शेजारच्या अलकाला विणून बघायला दिली. बाळाचं नाव नको, म्हणून ‘ही नारळाची टोपी आहे’ असं सांगितलं. नारळाला दृष्ट लागत नसावी.

तिसऱ्या दिवशी अलका जेवायच्या ताटाएवढी चकती घेऊन आली.

“काय वो जयश्रीताई, नारळ कोणत्या जातीचा हाय तुमचा?”

“अगं, हे काय करून ठेवलं?”

“तुमी लिवलं तेच. दर फेरीत खांबाचे बारा टाके वाढव. थांबायचं कुठं लिवलं?”

“ते हाताला समजते.”

“तुमच्या हाताले. माह्या हाताले कोनं सांगतलं? आन् पपई खाऊ नको, हे तीनदा लिवलं. मी खाल्ली नाही वो. तरी ताटच झालं.”

अलका गेल्यावर जयश्रीबाईंनी खरोखरीचा नारळ समोर ठेवला आणि त्याच्यासाठी विणायला घेतलं. नेहमीप्रमाणे हात आपोआप वळला, पण कुठे वळला ते त्यांना दिसलंच नाही. उसवलं. पुन्हा तेच. इतकी वर्षं ज्या हाताचं कौतुक सांगितलं, तो आता चोरासारखा वागत होता. पाचव्यांदा त्या प्रत्येक खांब मोठ्याने मोजत बसल्या, तेव्हा तो सापडला: चौथ्या फेरीला, अठ्ठेचाळीस खांबांवर. तिथून पुढे वाढवायचं नाही, सरळ विणत जायचं, की टोपी खाली वळते.

नवी कृती अर्ध्या पानात मावली. पपई, पंखा, जिना, ग्रहण, सगळं गाळलं होतं. गाळताना पेन दोनदा अडलं.

आठवड्याने अश्विनीचा फोन आला.

“आई, टोपी एकदम बरोबर झाली. पण तुझी तब्येत बरी आहे ना?”

“मला काय झालं?”

“अर्धं पान लिहिलंस, आणि त्यात कशाचीच मनाई नाही. मी दोन दिवस काळजीत आहे.”

जयश्रीबाईंनी खुर्ची ओढली आणि नीट टेकून बसल्या.

“पपईपासून सुरू करते,” त्या म्हणाल्या.